जेवणाची रेकॉर्ड

नरडाण्याला आपण चालत्या गाडीतून उडी मारली, असं रुपचंदभाऊ पुढे कित्येक वर्षं सांगत. सुमनबाईंचं म्हणणं, उडीबिडी काही नाही, गाडी उभी असणार आणि हे दांडी धरून एकेक पाय खाली टाकत उतरले असणार. सुमनबाई त्या गाडीत नव्हत्या, पण नवऱ्याला चांगल्या ओळखून होत्या. एवढं मात्र दोघांनाही मान्य होतं, की भाऊ उतरले, गाडी सुटली आणि शिलाई मशीनच्या सुट्या भागांनी भरलेली त्यांची पिशवी एकटीच जळगावला निघून गेली.

रुपचंदभाऊंचं जळगावला शिलाई मशीनचं दुकान होतं आणि घर मेहरूणला. माणूस सरळ, व्यवहाराला चोख, गिऱ्हाइकाशी गोड. त्यांना नाद एकच, पण तो असा की नातेवाईक दुसऱ्या गावाला सोयरीक करतानासुद्धा आधी सांगून टाकत. भाऊ पियानोच्या रेकॉर्डी जमवत. गाण्याच्या नाहीत, भजनाच्या नाहीत, सिनेमाच्या तर नाहीतच. नुसता पियानो. तो वाजवणारे सगळे सातासमुद्रापलीकडचे, त्यांची नावं घेताना भाऊंची जीभ वळत नसे, तरी ते आपल्या मामेभावंडांची नावं घ्यावीत तसे त्यांच्याबद्दल बोलत. मेहरूणच्या घरात, जिथे चार लोकांच्या घरी धान्याच्या कोठ्या असतात तिथे भाऊंची फळी होती आणि फळीवर कागदी पाकिटांत उभ्या लावलेल्या तबकड्या.

हा नाद लागला भुसावळला. भाऊ तेव्हा ऐन तरुण होते, मशीन दुरुस्त करायला रेल्वेच्या एका बंगल्यावर गेले होते. आत मडमेनं रेकॉर्ड लावली होती. भाऊंनी मशीन दुरुस्त केलं, पुन्हा खोललं, पुन्हा दुरुस्त केलं. रेकॉर्ड संपेपर्यंत ते काही उठले नाहीत. मडमेच्या ते लक्षात आलं. कामाचं काय द्यायचं, असं तिनं विचारलं तर भाऊंनी नुसतं आत बोट दाखवलं. मडम हसली आणि तिनं ती तबकडी त्यांना देऊन टाकली, पाकिटासकट.

घोटाळा असा की ते पाकीट दुहेरी होतं. पुस्तकासारखं उघडणारं, दोन कप्प्यांचं. एका कप्प्यात पहिली तबकडी, दुसरा रिकामा. दुसरी तबकडी कोणा शेजारणीनं ऐकायला नेलेली आणि आठवड्याभरात मडम विलायतेला गेली. संगीताचा अर्धा भाग पहिल्या तबकडीवर, उरलेला दुसरीवर. पहिलीच्या शेवटी पियानो असा काही वर चढतो, की आता काहीतरी होणार असं वाटतं आणि तिथेच तबकडी संपते. भाऊंनी तो अर्धा भाग किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. मुंबई-पुण्याच्या शौकिनांना विचारून झालं. ते म्हणाले, ही जोडी आता हिंदुस्थानात मिळणं कठीण, शोधू नका. भाऊ शोधत राहिले. त्यांना ती तबकडी फळीवर मिरवायला नको होती. पुढे काय होतं, एवढंच त्यांना मरायच्या आधी ऐकायचं होतं.

आणि सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात, सुरतेहून परत येताना, पॅसेंजर नरडाण्याला क्रॉसिंगसाठी थांबली असताना, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या शेतांपलीकडून भोंग्यातून पियानो ऐकू आला.

भाऊंना आधी वाटलं, ऊन लागलं. मग त्यांनी कान दिला. पहिल्या तबकडीवर जो हात वर चढता चढता थांबला होता, तोच हात आता हळूहळू खाली उतरत होता. तो हात भाऊंनी कुठेही ओळखला असता. सख्ख्या भावाचा आवाज ओळखायला माणसाला नाव विचारावं लागत नाही. मग काय, उडी म्हणा नाहीतर पाय टाकणं म्हणा, भाऊ खाली होते.

आवाजाच्या रोखानं ते कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या शेतांतून निघाले. धोतराचा सोगा काट्यांत अडकत होता, चपलेत ढेकळं जात होती, पण त्यांचं कशाकडे लक्ष नव्हतं. चिंचशेलू नावाचं गाव दिसायला लागलं, गावात मांडव दिसला, मांडवावर भोंगा दिसला. पियानो आता स्पष्ट ऐकू येत होता. आणि भाऊ मांडवापाशी पोचतात न पोचतात तोच रेकॉर्ड अडकली. पाच सुरांचा एक तुकडा, टिंग टिंग टिडिंग टिंग, पुन्हा तोच, पुन्हा तोच.

त्याबरोबर सगळा गाव उठला.

पारावरचे म्हातारे उठले, ओट्यांवरच्या बाया उठल्या, पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली टाकले. माणसांचा लोंढा मांडवात घुसला आणि त्यात भाऊ आपोआप आत गेले. कोणीतरी त्यांचा दंड धरला. "बठा हो पाव्हना, बठा! उभा कसाले ऱ्हायनात?" भाऊ बसले. पुढ्यात पत्रावळ आली, पत्रावळीवर बट्टी आली, बट्टीवर वरण आलं, वर तुपाची धार. बाजूला घोटलेल्या वांग्याची भाजी, तिखटजाळ. मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे, आणि दोन्हींकडून आग्रह सुरू झाला.

तेवढ्यात भोंगा बंद पडला. भाऊंनी उठायला गुडघा उचलला, तर शेजारच्या म्हाताऱ्यानं तो दाबून खाली बसवला. खानदेशात पंगत बसते एकदम आणि उठते एकदम. मधून उठणं म्हणजे घरधन्याचा अपमान. जोडीतली हरवलेली तबकडी चार हातांवर आणि भाऊ वांग्याची भाजी खाताहेत, अशी त्यांची गत झाली. भाजी फार चांगली झाली होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं.

पंगत उठल्यावर ते हात न धुताच भोंगावाल्याकडे धावले.

भोंगावाल्याचं नाव अभिमन. कापसाची थोडी शेती, आणि लग्नसराईत मशीन, भोंगा, माईक घेऊन गावोगाव जायचं, हा त्याचा जोडधंदा. कॅसेटी आल्या तशी त्यानंही टेप घेतला होता, गाणी सगळी कॅसेटवर वाजायची. जुनं रेकॉर्डचं मशीन तो फक्त या एका तबकडीसाठी ओढून आणायचा. तबकडीला पाकीट नव्हतं. त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवली होती, तिच्यावर मोर काढला होता, तीत तबकडी झोपलेली असे.

भाऊंनी हात धोतराला खसाखसा पुसले आणि कडांना धरून ती बाहेर काढली. मधल्या कागदावर शाईनं दोन विलायती अक्षरं लिहिली होती. तीच अक्षरं त्यांच्या घरच्या तबकडीवर होती. त्याच मडमेच्या हातची.

"कुठं मिळाली?" भाऊंनी विचारलं.

अभिमननं सांगितलं. भुसावळला एका गार्डसाहेबाच्या घरचं सामान निघालं होतं, तिथून त्यानं मशीन घेतलं, मशीनच्या पोटात ही होती. हिच्यात शब्द नाहीत, म्हणून भोंगा तपासायला बरी. गाणं लावलं की एकाला आवडतं, दुसऱ्याला झोंबतं. हिच्यावर कोणाची तक्रार नाही. गावातल्या वना नावाच्या पोराच्या लग्नात त्यानं ती पहिल्यांदा लावली. मांडवात हळदीची नुसती धुळवड चालली होती, पोरी एकमेकींच्या तोंडाला माखत होत्या. रेकॉर्ड वाजता वाजता अडकली, आणि नेमकी तेव्हाच उखर्डू आचाऱ्यानं बट्ट्या झाल्याची हाळी दिली. पुढच्या लग्नात रेकॉर्ड तिथेच अडकली, आणि लोक आपण होऊन पंगतीला येऊन बसले. तेव्हापासून चिंचशेलूत जेवायला बोलवायला कोणी दारोदार फिरत नाही. रेकॉर्ड लावायची. ती वाजत असताना बायांनी चूल विझवायची, माणसांनी टोप्या घालायच्या, म्हाताऱ्यांनी काठ्या शोधायच्या. अडकली, की उठायचं.

"आणि अडकल्यावर? पुढं काय आहे तिच्यात?"

"माले काय माहीत!" अभिमन म्हणाला. "पंगत बठनी का मी सुई उचली लेस."

म्हणजे भाऊंना शेवट ठाऊक नव्हता, आणि ज्या गावाकडे शेवट होता त्या गावानंही तो कधी ऐकला नव्हता. भाऊंना हसावं की रडावं कळेना.

त्यांनी आधी तबकडी मागून पाहिली. म्हणाल ते देतो म्हणाले, नवं रेकॉर्डचं मशीन देतो म्हणाले, बायकोला शिलाई मशीन देतो म्हणाले. कमलबाईचे डोळे जरा चमकले, पण अभिमननं मान हलवली. "इकानी नही शे भाऊ. हाई रेकॉर्ड गावनी शे. हाई नही वाजनी ते बठ्ठा गाव उपाशी ऱ्हाई."

"बरं, निदान एकदा पुरती लाव. मला ऐकू दे. मी लगेच जातो."

अभिमननं वेड्याकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहिलं. "आते लावसू ते दुसरी पंगत ई बठी. आन बट्ट्या आजून कढईमा शेत."

"भोंगा बंद ठेवून लाव!"

पण त्या जुन्या मशीनला भोंग्याशिवाय तोंडच नव्हतं, आणि भाऊंनी घरचं मशीन आणून हळू लावलं तरी ते सूर कानी पडले की शेजारपाजार उठणारच. आणि भोंगा लावला की गाव उठणार. गाव उठला की त्याला जेवू घालायलाच हवं. जेवण नसताना ती रेकॉर्ड लावणं म्हणजे गावाला फसवणं, आणि ते अभिमन स्वतःच्या बापासाठीही करणार नव्हता. रुपचंदभाऊंनी खूप डोकं चालवलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला शेवट ऐकायचा असेल तर एकच मार्ग आहे. गावजेवण घालायचं.

"घालतो," भाऊ म्हणाले. "सगळ्या गावाला. वरण-बट्टी."

"कसानं?" अभिमननं विचारलं.

इथे गाडं पुन्हा रुतलं. जेवण कशाचं? लग्न नाही, बारसं नाही, नवस नाही. फुकटचं जेवायला गाव काही भिकेला लागलेला नव्हता. कारणाशिवाय कोणी पत्रावळीवर बसणार नाही. भाऊंनी खरं कारण सांगितलं, की माझ्याकडे हिची जोडीदार आहे, तिच्यामागून ही कशी वाजते ते ऐकायचंय. चारचौघांनी तोंडं दुसरीकडे फिरवली, कोणी खोकला काढला.

मांडवाच्या खांबाला टेकून अभिमनची आई ताईबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. गाव त्यांना अक्का म्हणायचा. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"रेकॉर्डी दोन शेत का? एक तुन्हाकडे, एक आम्हनाकडे?" त्यांनी भाऊंना विचारलं. "मंग लगीन लाई दे ना भाऊ. जेवन आपेआप व्हई."

झालं. तुळशीचं लग्न लागतं, पिंपळाचं लागतं, मग रेकॉर्डीनं काय घोडं मारलंय? सगळ्यांना एकदम पटलं. कोणी म्हणालं, लग्न म्हणजे वऱ्हाड पाहिजे. कोणी म्हणालं, नवरदेव कोण? भाऊंनी झटकन सांगून टाकलं, पहिली तबकडी नवरदेव, दुसरी नवरी. घाई का, ते इतरांना कळलं नाही, पण आपल्याला सांगायला हरकत नाही. नवरी लग्नानंतर सासरी जाते. सासर मेहरूणला होतं. ज्या माणसाला मघाशी फक्त ऐकायचं होतं, त्याच्या मनात तबकडी हाताला लागल्याबरोबर फळीवरचा तो रिकामा कप्पा नाचायला लागला होता. शौकीन माणूस किती साधा असला तरी शेवटी शौकीनच.

मेहरूणला सुमनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पिशवी कुठाय, हेही विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात तुम्ही वरातीत मशीन दुरुस्त करत बसला होतात. या लग्नात तरी नीट वागा." आणि नेसायचं लुगडं काढायला गेल्या.

ठरल्या दिवशी सकाळीच वऱ्हाड नरडाण्याला उतरलं. वऱ्हाड म्हणजे भाऊ, सुमनबाई, दुकानातले दोघे कारागीर, भाऊंचं रेकॉर्डचं नवंकोरं मशीन, एक टेपरेकॉर्डर आणि दुहेरी पाकिटात नवरदेव. अभिमननं बैलगाडी आणली होती. बैलांच्या शिंगांना गोंडे होते. गावाच्या शिवेवर बायांनी नवरदेवाला ओवाळलं, सुमनबाईंना विहीण म्हणून चिडवलं, आणि सुमनबाई अशी काही सवाई उत्तरं द्यायला लागल्या की भाऊ बघतच राहिले. इतक्या वर्षांत घरी त्यांच्या तोंडून एवढी गंमत त्यांनी ऐकली नव्हती. घरी बहुधा पियानो चालू असायचा.

नवरीला तयार करायचं काम भाऊंनी स्वतःकडे घेतलं. कोमट पाणी, साबणाचा फेस, मऊ ब्रश, धुवट मलमल. ओट्यावर बसून ते तबकडी लहान लेकराला न्हाऊ घालावं तशी न्हाऊ घालत होते. किती वर्षांची धूळ, किती मांडवांचा धूर निघाला. काळा रंग असा चमकायला लागला की कमलबाई म्हणाली, माय वं, हिचं रूप पाहा. एका जागी मात्र एक बारीक पिवळट ठिपका होता, घट्ट बसलेला. भाऊंनी चष्मा वर सारला, ठिपक्यावर पाणी मुरवलं, लाकडी काडीनं हलके हलके तो सोडवला आणि मलमलीनं टिपून घेतला. खाली रेघा शाबूत होत्या. भाऊंना धन्य धन्य वाटलं. इतक्या लग्नांत या तबकडीची एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

लग्न दुपारी लागलं. मधे अंतरपाट म्हणून कमलबाईचा फडका धरला होता. अभिमननं माईकवर मंगलाष्टकं म्हटली, निम्मी पाठ होती, निम्मी त्यानं तिथल्या तिथे जुळवली. अक्षता पडल्या. भाऊंनी लगबगीनं मशीनवर तांदूळ पडू नयेत म्हणून आपला रुमाल पसरला. मग सगळं कॅसेटवर भरून घ्यायला टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं, नवरदेव मशीनवर ठेवला, आणि भोंग्यातून पियानो निघाला.

गावाला हे नवं होतं. नवरदेवाचं वाजणं त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं, पाहुण्याचं कौतुक करावं तसं. ते संपलं. भाऊंनी नवरी ठेवली आणि सुई सोडली.

ओळखीचे सूर आले तशी मांडवात हालचाल झाली. टोप्या चढल्या, काठ्या हातात आल्या, बायांनी लेकरं कडेवर घेतली. उखर्डू आचाऱ्यानं बट्ट्यांवरचं कापड काढलं. सगळे तयार. रेकॉर्ड त्या जागेपाशी आली आणि सरळ पुढे गेली.

पियानो अडकला नाही. तो पुढे गेला, जिथे चिंचशेलूत कधी कोणी गेलं नव्हतं तिथे. एक हात खाली खोल काहीतरी बोलत होता, दुसरा वर हसत होता. मग दोन्ही हात एकमेकांच्या मागे धावायला लागले, सापडले, सुटले. भाऊ मशीनपाशी खाली बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. बाजू संपली, त्यांनी ती उलटली. आणि मग शेवट आला. शेवट त्यांना वाटला होता तसा मोठा, गडगडाटी नव्हताच. पियानो हळूहळू घरी आला, पायातल्या चपला काढल्या आणि बसला. एवढंच. भाऊंना इतका आनंद झाला की त्यांना कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली. जवळ सुमनबाई होत्या, पण गाव पाहत होता, म्हणून त्यांनी मशीनच्याच पेटीवर हात ठेवला.

सुई उचलली.

भाऊंनी वळून पाहिलं. सगळा गाव जिथल्या तिथे होता. टोप्या घातलेल्या, काठ्या धरलेल्या, लेकरं कडेवर. कोणी हललं नव्हतं. बट्ट्या थंड होत होत्या. मागून वनाचा दबका आवाज आला. "आजून अडकनी नही का हो?"

"चला, जेवायला चला!" भाऊंनी माईकवर सांगितलं. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. उठावं असं एकालाही वाटेना. घरधन्यानं तोंडानं बोलावलंय, पण रेकॉर्ड तर अडकली नाही. म्हणजे काहीतरी राहिलंय. म्हातारी माणसं अशा बाबतीत फार कडक असतात, ती उठल्याशिवाय तरणी उठणार नाहीत.

अभिमनला घाम फुटला. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावली. पियानो मजेत आला आणि त्या जागेवरून पुन्हा हसत हसत निघून गेला. अभिमननं मशीनला चापट मारली. काही नाही.

ताईबाई काठी टेकत मशीनपाशी आल्या. "काय करं तू हिले?" त्यांनी भाऊंना विचारलं.

"काही नाही अक्का. नुसती धुतली. एक पिवळा ठिपका होता, तेवढा काढला." बोलता बोलताच भाऊंनी ओट्याकडे पाहिलं. वनाचं लग्न. हळदीची धुळवड. त्यांना सगळं एकदम उमगलं.

"हळद पुसी टाकी?" ताईबाईंचा आवाज चढला. "लगीनना येळे नवरीनी हळद पुसी टाकी तू?"

मांडवात एकच गलका झाला. बायांनी तोंडाला पदर लावले. कोणाला राग आला होता, कोणाला हसू, बहुतेकांना दोन्ही. भाऊ खरोखर घाबरले होते. एका गावाला इतकी वर्षं जेवायला बोलवणारी गोष्ट त्यांनी आज सकाळी मलमलीनं टिपून ओट्याखाली झटकून टाकली होती. त्यांच्या घरी हजार वेळा अडकून राहिलेलं मन आज सुटलं, आणि इथे गाव अडकला.

ताईबाईंनी कमलबाईला हाक मारली. वाटीत हळद आली, पाण्यात कालवलेली, चिमूटभर पीठ घालून, लग्नात कालवतात तशी.

"हळद लाव तिले," त्या भाऊंना म्हणाल्या. "तूच लाव."

आता ज्या माणसानं आयुष्यात तबकडीला बोटाचा ठसा लागू दिला नाही, पाहुण्यांना फळीपासून हातभर लांब बसवलं, त्याच्या हातात हळदीची वाटी होती आणि पुढ्यात जगातली त्याची सर्वांत लाडकी वस्तू. सुमनबाई पाहत होत्या. भाऊंनी काडी घेतली. ती जागा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, मघाशीच त्यांनी ती डोळ्यांनी चाटून काढली होती. काडीच्या टोकावर कणभर हळद घेतली आणि देवाचं नाव घेऊन त्या काळ्या चमकत्या रेघांवर ठेवली. बायांनी एकदम हळदीचं गाणं धरलं. भाऊंना हसू फुटलं आणि हात थरथरला, त्यामुळे ठिपका जरा मोठाच झाला.

वैशाखाचं ऊन. तबकडी क्षणभर उन्हात धरली, तोवर हळद सुकून टणक झाली. भाऊंनी आपलं मशीन बाजूला सारलं आणि म्हणाले, "अभिमनभाऊ, तुझ्या मशीनवर. तुझ्या हातानं."

पियानो आला. टोप्या सरळ झाल्या. आणि टिंग टिंग टिडिंग टिंग. टिंग टिंग टिडिंग टिंग. टिंग टिंग टिडिंग टिंग.

"अडकनी! अडकनी!" वना ओरडला, आणि सगळा गाव उठला. असा उठला की मांडवाचा एक खांब कलला. "चाला जेवाले!" म्हणत माणसं धावली, भाऊंना कोणीतरी खांद्यावर घेतलं, सुमनबाईंच्या कपाळाला, गालांना बायांनी उरलेली हळद फासली. थंड झालेल्या बट्ट्यांवर उखर्डूनं उकळतं वरण ओतलं, आणि त्या दिवशी चिंचशेलूत जेवढं जेवण उठलं तेवढं खऱ्या लग्नात उठलं नसेल.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. अभिमननं मोराची पिशवी आणली. आत नवरी होती, बरोबर ओटीचे तांदूळ आणि एक खोबऱ्याची वाटी. त्याचे डोळे लाल होते, पण बोलणं सरळ होतं. लग्न लागलं की नवरी सासरी जायची, या रीतीला जागणारा माणूस. "भाऊ, नवरी तुम्हनी. लई जा."

भाऊंनी पिशवी हातात घेतली. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा. त्यांनी पाकीट उघडून रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं. मेहरूणचं घर डोळ्यांपुढे आलं, फळी, खुर्ची, खिडकी. तिथे ही वाजेल. त्या जागेपाशी येऊन अडकेल. टिंग टिंग टिडिंग टिंग. आणि उठणार कोण?

भाऊंनी नवरी पुन्हा अभिमनच्या हातात दिली. मग दुहेरी पाकिटातून नवरदेव काढला, क्षणभर छातीशी धरला आणि तोही मोराच्या पिशवीत सरकवला.

"अक्का," ते म्हणाले, "आमचा मुलगा इथंच राहतोय. घरजावई."

ताईबाई बिनदाताचं तोंड उघडून अशा हसल्या की सुपारी खाली पडली.

गाडीत भाऊ रिकामं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. सुमनबाईंच्या कानामागे अजून हळद होती. "वाईट वाटतंय?" त्यांनी विचारलं. भाऊंनी स्वतःला चाचपून पाहिलं आणि नाही म्हणाले. खरंच वाटत नव्हतं. त्यांना शेवट कळला होता, आणि शिवाय एक गाव मिळाला होता.

आता मेहरूणच्या घरी त्या दिवशी भरलेली कॅसेट आहे. तीत पियानो पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, आणि त्याच्यामागे लेकरांचं कुरकुरणं, बांगड्या, बैलांच्या घंटा, आणि शेवटच्या शांततेत वनाचं ते "आजून अडकनी नही का हो?" पुण्याच्या एका शौकिनानं ती ऐकून नाक मुरडलं. सुमनबाईंनी पूर्वी कधी पियानो लावा असं सांगितलं नव्हतं, ही मात्र त्या स्वतः लावतात, आणि वनाचं वाक्य आलं की स्वयंपाकघरातून हाक मारतात, "चला जेवायला!"

पुढच्या लग्नसराईत दोघं सुरतेहून परतत होते. पॅसेंजर नरडाण्याला क्रॉसिंगला थांबली. शेतांपलीकडून आधी नवरदेव वाजला, पुरता, मग नवरी सुरू झाली. भाऊ दाराशी जाऊन उभे राहिले आणि हळूच मागे वळून सुमनबाईंकडे पाहिलं.

सुमनबाई जागेवर नव्हत्या. पिशवी घेऊन त्या केव्हाच फलाटावर उतरल्या होत्या. "लवकर चला," त्या खालून म्हणाल्या, "अडकायच्या आत पोचायला हवं."